सानलू दूध पावडर प्रकरण: कळल्यानंतरचे चाळीस दिवस

चीनमधलं २००८ चं मेलामाइन प्रकरण आपल्याकडे बऱ्याच जणांना एका ओळीत माहीत असतं, बाळांच्या दूध पावडरमध्ये केमिकल घातलं, मुलं आजारी पडली, दोन जणांना मृत्युदंड झाला, संपलं. मला ते तारखांसकट मांडायचंय. कारण भेसळ ही त्यातली अर्धीच गोष्ट आहे. भेसळीने मुलांच्या किडन्यांचं नुकसान केलं, पण चिनी आईबापांचा सरकारी तपासणीवरचा विश्वास जो उडाला तो भेसळीमुळे कमी आणि भेसळ कळल्यानंतर जे झालं त्यामुळे जास्त, आणि हे तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आधी कंपनी बघू. सानलू ही हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरातली डेअरी कंपनी, बाळांच्या दूध पावडरमध्ये देशातली आघाडीची. न्यूझीलंडची फॉन्टेरा म्हणजे जगातल्या मोठ्या डेअरी कंपन्यांपैकी एक, तिचा सानलूत ४३ टक्के हिस्सा होता. सानलूची स्वस्तातली ४०० ग्रॅमची पिशवी साधारण १८ युआनला मिळायची, परदेशी डब्याच्या मानाने ती कितीतरी स्वस्त, त्यामुळे खेड्यापाड्यात आणि छोट्या गावांत तीच खपायची. तिथली परिस्थिती अशी की तरुण आईबाप दूरच्या शहरात कारखान्यात कामाला आणि बाळ गावी आजी-आजोबांकडे, मग अंगावरचं दूध कुठून मिळणार, वरचं दूधच. आणि हे वरचं दूध कुठलं घ्यायचं तर टीव्हीवर ज्याची जाहिरात येते, ज्याच्या पिशवीवर सरकारी शिक्का आहे, तेच ना. हा शिक्का लक्षात ठेवा. चीनच्या गुणवत्ता तपासणी खात्याची तेव्हा एक योजना होती, नावाजलेल्या कंपन्यांच्या मालाला नेहमीच्या तपासणीतून सूट द्यायची आणि तसं चिन्ह पाकिटावर छापू द्यायचं. सानलूकडे ती सूट होती. म्हणजे ज्या चिन्हाकडे बघून आजी बाळासाठी निर्धास्तपणे पिशवी उचलत होती त्या चिन्हाचा खरा अर्थ असा होता की हा माल आम्ही तपासत नाही.

आता दूध कुठून यायचं ते. सानलूच्या स्वतःच्या गायी फार नव्हत्या, हजारो छोटे शेतकरी, कुणाकडे दोन गायी कुणाकडे पाच, आणि शेतकरी व कंपनी यांच्यामध्ये खासगी संकलन केंद्रं. केंद्रवाला गावातून दूध गोळा करायचा, टँकर भरून प्लांटवर न्यायचा, तिथे प्रोटीन मोजायचे आणि कमी आलं तर टँकर रिजेक्ट. २००७-०८ ला पशुखाद्य महाग झालं, दुधाचा दर मात्र कंपन्या वाढवेनात, गायींना चारा निकृष्ट म्हणून दुधातलं प्रोटीन आधीच कमी, त्यात प्रमाण वाढवायला पाणी घातलेलं. आमच्या घरी म्हशी होत्या त्यामुळे डेअरीवर आज फॅट किती लागलं, डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं माप) किती लागली यावर घरातलं वातावरण कसं बदलतं ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे टँकर परत येणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण हेही तितकंच खरं की यातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी काही मिसळलं नव्हतं, मिसळलं ते मधल्या केंद्रांवर.

मिसळायचं ते मेलामाइनच का, हे समजून घेतलं पाहिजे कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. दुधातलं प्रोटीन मोजायची जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे केल्डाल पद्धत, १८८३ ला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये योहान केल्डालने काढलेली. ती थेट प्रोटीन मोजत नाही, ती नायट्रोजन मोजते. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं (दुधासाठी ६.३८ ने) की प्रोटीन किती ते मिळतं. दुधात कुणी मुद्दाम दुसरा नायट्रोजन घातलेला नाही असं यात धरलेलं आहे. आणि मेलामाइन, ज्यापासून न फुटणाऱ्या प्लेटा, वाट्या आणि फर्निचरचं लॅमिनेट करतात, त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. हिशोब करून बघा, एक ग्रॅम मेलामाइन मशीनला चार ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन वाटतं. स्वस्त, पांढरं, चटकन ओळखू न येणारं. झांग युजुन नावाच्या माणसाने मेलामाइन आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी पांढरी पावडर) एकत्र करून 'प्रोटीन पावडर' म्हणून तयार मिक्सच बनवलं, कोर्टात आलं त्याप्रमाणे ७७० टनांपेक्षा जास्त. टनांचा आकडा बघा, चार-दोन बदमाशांनी रात्रीत केलेलं हे काम नाही, हा चालू धंदा होता आणि त्याला रोजचं गिऱ्हाईक होतं.

बरं, मेलामाइन खाण्यात येऊ शकतं हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या किडन्या बंद पडायला लागल्या, शोध घेतला तर चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघालं, तेही प्रोटीनचा आकडा फुगवायलाच घातलेलं. जगभर बातमी झाली. त्याच्याही आधी २००४ ला आन्हुई प्रांतात फुयांगला नकली पावडरने बाळं दगावली होती, त्या पावडरीत प्रोटीन जवळपास नव्हतंच, हातपाय काडीसारखे आणि डोकं सुजलेलं अशी ती बाळं होती. म्हणजे पावडरीत फसवणूक होते हे २००४ ला कळलेलं, प्रोटीनची चाचणी मेलामाइनने फसते हे २००७ ला कळलेलं, तरीही २००८ ला दुधाच्या रोजच्या तपासणीत मेलामाइनची टेस्ट नव्हती.

बाळांना काय होत होतं ते जरा सविस्तर लिहितो, वाचायला त्रास होईल पण लिहिलंच पाहिजे. मोठा माणूस दिवसभरात दहा पदार्थ खातो, त्यात एखाद्यात मेलामाइन असलं तरी मात्रा विरते. तीन-चार महिन्यांचं बाळ दिवसातून सहा-सात वेळा तेच दूध पितं, दुसरं काहीच नाही, आणि वजन पाच-सहा किलो. शिवाय लहान बाळांच्या लघवीत युरिक अॅसिड जास्त असतं, मेलामाइन त्याच्याशी जोडलं जातं आणि त्याचे खडे होतात. बाळ शू करताना रडायचं, लघवीतून वाळूसारखं काहीतरी पडायचं, कधी रक्त, काहींची लघवी पूर्ण बंद. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला मुतखडा! डॉक्टरसुद्धा चक्रावले कारण या वयात ते सहसा दिसतच नाही, आणि हे खडे साध्या एक्स-रेत नीट दिसत नाहीत, सोनोग्राफी करावी लागते. गान्सू प्रांतातल्या लांझोऊच्या एका हॉस्पिटलमध्ये २८ जून २००८ ला असं पहिलं बाळ आलं आणि पुढच्या काही आठवड्यांत एकामागून एक येत राहिली. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं काय पाजता, उत्तर सगळीकडे तेच, सानलू.

आता तारखा.

कंपनीकडे पहिल्या तक्रारी डिसेंबर २००७ पासूनच येत होत्या. २००८ च्या मे महिन्यात झेजियांगच्या एका वडिलांनी मुलीच्या लघवीबद्दल इंटरनेटवर लिहिलं, कंपनीने त्यांना दोन-अडीच हजार युआनची पावडर फुकट देऊन ती पोस्ट काढून घ्यायला लावली. अध्यक्ष तियान वेनहुआ यांनी नंतर कोर्टात मान्य केलं की तक्रारींबद्दल मे महिन्यापासून माहीत होतं. कंपनीने सँपल बाहेर तपासायला दिली आणि १ ऑगस्टला रिपोर्ट आला, १६ पैकी १५ सँपलमध्ये मेलामाइन. इथे शंकेला जागाच उरली नाही. २ ऑगस्टला सानलूने शिजियाझुआंगच्या नगर प्रशासनाला लेखी कळवलं, त्याच दिवशी संचालक मंडळावरच्या फॉन्टेराच्या लोकांनाही कळलं. आणि त्या पत्रात कंपनीने काय मागितलं, तर माध्यमांवर नियंत्रण ठेवायला मदत करा, म्हणजे माल परत मागवताना गवगवा होणार नाही. हे पुढे खुद्द सरकारी वर्तमानपत्रात छापून आलं.

८ ऑगस्टला बीजिंग ऑलिंपिक सुरू होणार होतं.

नगर प्रशासनाने ते पत्र ठेवून दिलं. प्रांताला कळवलं ९ सप्टेंबरला. मधल्या काळात डीलरकडून थोडा माल गुपचूप परत घेतला गेला, ज्या बाळांच्या घरात पिशवी आधीच फोडलेली होती त्यांना कुणी काही बोललं नाही. १३ ऑगस्टला कंपनीत मीटिंग झाली आणि किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत मेलामाइन असलेली पावडर विकायची असं ठरलं, ही मर्यादा त्यांनी स्वतःच ठरवलेली. कोर्टातल्या आकड्यांप्रमाणे २ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात कंपनीने ९०० टनांच्या वर मेलामाइनवाली पावडर बनवली आणि ८०० टनांच्या वर विकली. म्हणजे रिपोर्ट हातात असताना. सदर्न वीकली या साप्ताहिकाच्या एका संपादकाने नंतर लिहिलं की जुलैतच त्यांच्याकडे या मुलांची माहिती आली होती पण ऑलिंपिकच्या काळात ती छापता आली नाही.

फॉन्टेराबद्दल माझं मत मी स्पष्ट लिहितो. त्यांनी आतून जाहीर रिकॉलसाठी जोर लावला हे खरंय, पण चीनमध्ये राहून धंदा करायचाय म्हणून तिथल्या यंत्रणेतूनच जायचं म्हणत त्यांनीही आठवड्यांमागून आठवडे घालवले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विषय न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून थेट बीजिंगला कळवायला सांगितलं, तेव्हा चक्र हललं. ११ सप्टेंबरला शांघायच्या ओरिएंटल मॉर्निंग पोस्टमध्ये पत्रकार जियान गुआंगझोऊ यांनी सानलूचं नाव घेऊन बातमी दिली. त्याआधीच्या बातम्यांमध्ये फक्त 'एक कंपनी' असं यायचं. त्याच दिवशी सानलूने ७०० टन माल परत मागवत असल्याचं जाहीर केलं.

२ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर, चाळीस दिवस. या चाळीस दिवसांत कंपनीला माहीत, भागीदाराला माहीत, शहराच्या प्रशासनाला माहीत, फक्त बाटली धुऊन दूध कालवणाऱ्या आईला माहीत नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे. केंद्रावर मिसळणाऱ्याला त्याने काय होईल याची कदाचित कल्पना नसेल, पण या चाळीस दिवसांतल्या प्रत्येक माणसाला होती.

मग बांध फुटला. सरकारने १०९ कंपन्यांची पावडर तपासली, २२ कंपन्यांत मेलामाइन निघालं. सानलूचं सगळ्यात वाईट, किलोमागे २,५६३ मिलिग्रॅम, पण मेंगनिऊ, यिली अशी मोठमोठी नावंही त्यात. पुढे साध्या दुधातही निघालं, व्हाइट रॅबिट नावाच्या दुधाच्या गोळ्यांतही निघालं. सरकारी आकडा असा की सुमारे २ लाख ९४ हजार मुलांना त्रास झाला, जवळपास ५२ हजारांना अॅडमिट करावं लागलं, सहा बाळं गेली. तपासणीतून सूट देणारी योजना १८ सप्टेंबरला रद्द झाली, गुणवत्ता तपासणी खात्याचे प्रमुख ली चांगजियांग यांनी २२ सप्टेंबरला राजीनामा दिला, शहराचे मोठे अधिकारी हटवले गेले. जानेवारी २००९ मध्ये शिक्षा झाल्या, झांग युजुन आणि संकलन केंद्र चालवणारा गेंग जिनपिंग यांना मृत्युदंड, जो नोव्हेंबर २००९ मध्ये अमलात आला, तियान वेनहुआ यांना जन्मठेप. सानलू दिवाळखोरीत गेली. फेब्रुवारी २००९ ला नवीन अन्नसुरक्षा कायदा झाला, १ जूनपासून लागू.

कागदावर बघितलं तर एवढी कडक कारवाई क्वचितच कुठे होते. तरी विश्वास परत आला नाही, उलट वर्षानुवर्षं घसरत गेला. का?

एक तर ज्यांनी पत्र दाबून ठेवलं त्यांची फक्त खुर्ची गेली, आणि त्यातले काही अधिकारी थोड्या काळाने दुसऱ्या सरकारी पदांवर परत दिसले. दुसरं म्हणजे भरपाई. मृत बाळाच्या घरच्यांना २ लाख युआन, गंभीर केसला ३० हजार, बाकीच्यांना २ हजार, असा दर ठरवून विषय बंद. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांचे दावे कोर्टं दाखल करून घेईनात, वकिलांवर दबाव आला. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं, झाओ लियानहाई. बीजिंगचे हे गृहस्थ, स्वतःच्या मुलाला मुतखडा झालेला, त्यांनी इतर पालकांना एकत्र करायला वेबसाइट काढली, माहिती गोळा केली, मुलांच्या पुढच्या उपचारांसाठी आवाज उठवला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांना ताब्यात घेतलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सामाजिक सुव्यवस्था बिघडवल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. नंतर महिन्या-दोन महिन्यांत मेडिकल पॅरोलवर सोडलं, पण पालकांना जे समजायचं ते समजलं होतं. आजारी मुलाच्या बापाला आत टाकणारी यंत्रणा उद्या टीव्हीवर येऊन पावडर सुरक्षित आहे म्हणाली तर कोण ऐकेल? त्यात मेलामाइनवाली जुनी पावडर नष्ट न करता कुणीतरी गोदामात ठेवलेली आणि ती २०१० ला पुन्हा बाजारात सापडली, म्हणजे जी शंका लोकांच्या मनात होती ती खरी निघाली.

मग लोकांनी आपापला मार्ग काढला. ज्याला परवडतं तो परदेशी डबा घेणार, परदेशात नातेवाईक असेल तर त्याच्याकडून मागवणार, हाँगकाँगला जाऊन बॅगा भरून आणणार. हाँगकाँगच्या दुकानांत तिथल्याच आयांना डबे मिळेनात, शेवटी १ मार्च २०१३ पासून तिथल्या सरकारने नियम केला की बाहेर जाताना माणशी दोन डबे, म्हणजे १.८ किलो, त्यापेक्षा जास्त नेलं तर ५ लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ऑस्ट्रेलिया, ब्रिटनच्या सुपरमार्केटनीही डब्यांवर मर्यादा घातल्या. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो? तो त्याच दुकानातून तीच देशी पिशवी घेत राहिला, मनात धाकधूक ठेवून. अविश्वासाची किंमतही शेवटी गरिबानेच जास्त मोजली, हे बोललं जात नाही.

चीनमध्ये काहीच सुधारलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. संकलन केंद्रांवर नियंत्रण आलं, मोठ्या कंपन्यांनी स्वतःचे गोठे उभे केले, २०१५ ला कायदा अजून कडक झाला, मेलामाइनची टेस्ट नेहमीची झाली. फेईहेसारख्या देशी ब्रँडने परदेशी कंपन्यांना मागे टाकलं, पण त्याला दहा-बारा वर्षं लागली. आणि २०२० मध्ये हुनान प्रांतातल्या एका तालुक्यात अॅलर्जी असलेल्या बाळांना स्पेशल दूध पावडर म्हणून साधी पेय पावडर विकल्याचं उघड झालं, मुलांना मुडदूस झालेला, तेव्हा लोकांच्या तोंडी पहिला शब्द आला तो २००४ च्या फुयांगचाच.

आपला याच्याशी संबंध कुठे येतो, तर सप्टेंबर २००८ मध्ये भारताने चीनमधून येणाऱ्या दूध आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली आणि ती वाढवत वाढवत नेली. २०१९ मध्ये बंदरांवरच्या लॅब मेलामाइन तपासायला सज्ज होईपर्यंत ती चालू राहील असं ठरलं. २०१० ला कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाळांच्या पावडरसाठी किलोला १ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. सानलूच्या त्या सँपलमध्ये याच्या अडीच हजार पट होतं.

पण भेसळीचं गणित आपल्याला परकं नाही. आपल्याकडे दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरतो, म्हणून इथला भेसळवाला तेल, साखर, मीठ, युरिया घालून नेमके तेच दोन आकडे फुगवतो. आणि अविश्वासही परका नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०११ च्या पाहणीत ६८ टक्के नमुने मानकांत बसले नाहीत, त्यात नुसतं पाणी घातलेलं बरंच होतं, पण लोकांच्या डोक्यात बसलं ते '६८ टक्के दूध विषारी'. २०१८ ला त्याच संस्थेने ६,४३२ नमुने तपासले आणि भेसळीचे फक्त १२ निघाले असं सांगितलं, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. दोन्ही आकडे एकाच यंत्रणेचे, वाईट आकडा लगेच पटतो आणि चांगला पटत नाही, कारण मधल्या काळात कुठल्या ब्रँडच्या कुठल्या बॅचचं काय झालं हे सामान्य माणसाला कधी कळलेलंच नसतं.

आपल्या कायद्यात फूड अॅनालिस्टने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचाय. रिपोर्ट मान्य नसेल तर कंपनीला अपील करायला ३० दिवस. दिवाळीच्या आधी एफडीएने धाड टाकून खव्याचे नमुने घेतल्याची बातमी फोटोसकट येते, रिपोर्टमध्ये काय आलं ते दिवाळी होऊन गेल्यावर शोधायला गेलं तर सापडत नाही. बाळाच्या पावडरीला तरी हे चालणार नाही. प्रत्येक सँपलसाठी तीन तारखा लोकांना दिसतील अशा लावा: सँपल घेतलं कधी, रिपोर्ट आला कधी, आणि दुकानदाराला व ग्राहकाला सांगितलं कधी. दुसरी आणि तिसरी तारीख यात अंतर पडलं तर त्याचं उत्तर द्यायला एक नाव असलेला अधिकारी जबाबदार धरा, कंपनी वेगळी आणि तो वेगळा. शिजियाझुआंगमध्ये पहिल्या दोन तारखा कागदावर होत्या, तिसरीच नव्हती.